लिंबाजीचा लाल गोंडा

एका गावात नदीला मोठा डोह होता आणि त्या डोहाकाठी लिंबाजी नावाचा एक भोई राहत असे. गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. ही गोष्ट गावाला बहुतेक वेळा त्याच्याच तोंडून कळत असे. त्याच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता. मासा फसावा म्हणून गळाला बांधायची पिसं, चकचकीत चकत्या आणि रंगीत लोकरीचे गोंडे त्यात भरलेले असत. त्यातला एक लाल गोंडा त्याचा फार लाडका. भर पावसात, गढूळ पाण्यात, मासे त्या गोंड्यावर तुटून पडत.

भादवा सरला. पाऊस ओसरला, पाणी निवळलं. लिंबाजीची लेक शेवंता माहेरी बाळंत झाली होती. आठ दिवस झाले तरी तिच्या अंगात त्राण येईना, बाळाला दूध पुरेना. सुईण म्हणाली, "दादा, पोरीला मरळीचं कालवण द्या. तुमच्या घरात मरळीला काय तोटा?"

"उद्या दुपारीच चुलीवर चढंल," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं लाल गोंडा बांधला आणि गळ टाकला. दिवस मावळला, पण दोरी हलली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं मोराचं पीस लावलं, मग त्याच्याही पुढच्या दिवशी चांदीसारखी चकती लावली. मासा काही फिरकला नाही. लिंबाजीनं गळाला दोष दिला, वाऱ्याला दिला, माशांच्या जातीलाही दिला. दोष द्यायला एवढे मिळाले की स्वतःची पाळी आलीच नाही.

जवळच्या खडकावर गोजरा परटीण रोज धुणं धूत असे. ती म्हणाली, "दादा, मरळ हाय की. पल्याडच्या गवताखाली रोज उसळती. पर ती दुसरंच कायतरी खाती."

"गोजराबाई, तुम्ही धुणं धुवा," लिंबाजी गुरकावला. "मासं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

त्या रात्री बाळ रडून रडून थकलं. पाजता पाजता शेवंताच्याही डोळ्यांत पाणी आलं. लिंबाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी तो गळ न टाकताच खडकापाशी गेला. तो म्हणाला, "गोजराबाई, चुकलं माझं. मरळ काय खाती, तेवढं दाखवा."

"हितं बसा," ती म्हणाली. "घटकाभर पाण्यात काय टाकू नका. नुसतं बघा."

लिंबाजी बसला. पलीकडच्या काठावरचं गवत पिवळं पडत आलं होतं. त्यातून नाकतोडे उडत होते, आणि एखादा चुकून पाण्यात पडला की खालून काळी मरळ येऊन त्याला गिळत होती. गढूळ पाण्यात भडक दिसेल त्यावर झेपावणारी मरळ आता स्वच्छ पाण्यात नीट पाहून खात होती.

लिंबाजीनं डबा उपडा केला. तळाशी कोंबडीचं एक मळकट, नाकतोड्यासारखं तपकिरी पीस होतं. दिसायला अगदीच गबाळं, म्हणून त्यानं ते कधी वापरलं नव्हतं. तेच गळाला बांधून त्यानं गवताच्या कडेला अलगद सोडलं. पाणी फुटलं, दोरी ताणली गेली आणि हातभर लांबीची मरळ काठावर आली.

शेवंता पोटभर जेवली. मरळ मिळाली हे ऐकून शेजारीपाजारी दारात जमले होते. एकानं विचारलं, "लिंबाजी, शेवटी कोणती युक्ती काढलीस?"

"माझी कसली युक्ती?" लिंबाजी म्हणाला. "तीन दिवस मी डब्यात बघत हुतो. गोजराबाई पाण्यात बघत हुती."

तात्पर्य: कालचं यश आजच्या कामी येईलच असं नाही. दिवस पालटले की डोळे उघडून पाहावं, आणि आपल्याला दिसत नसेल तर ज्याला दिसतं त्याला विचारावं. त्यात कमीपणा नाही.