बिनमातीच्या झुडपाची साक्ष

एका राज्यात अन्याय असा माजला, की पाण्यालाही मालक लाभला. जलदंभ नावाच्या मांत्रिकाने मंत्र घालून नद्या-विहिरी आटवल्या. पाणी उरले ते त्याच्या दगडी हौदात. ओंजळभर पाण्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्याच्यापुढे नाक घासावे, आणि राजा उदयकेतूने ते मुकाट पाहावे!

राजाची बहीण सुवेला. तिची दाई तहानेने तडफडून मेली, त्या दिवशी ती दरबारात कडाडली, "महाराज, प्रजा मरते आहे आणि आपण मुकुट सावरता?"

राजाने मान खाली घातली. मांत्रिक हसला.

"राजकन्ये, विहिरीवाचून पाणी आण. हात न लावता ते वर चढव. झाकणावाचून भर उन्हात राख. तिन्ही साधले तर माझा मंत्र तुटेल."

सुवेला धुक्याच्या कड्यावर गेली. तिथल्या धनेश पक्ष्याने तिला फांदीवरचे एक रुपेरी झुडूप दाखवले. त्याची मुळे फक्त फांदी धरून होती.

"हे तर वाळलेले!" ती चिडून म्हणाली.

"वाळलेले नाही, तहानलेले. उघड्या हवेत ठेव आणि पहाट होऊ दे," धनेश म्हणाला.

तिने ती फांदी दरबाराच्या चौकात टांगली. पहाटे धुके उतरले. पानांवरचे इवले रुपेरी खवले ओले होताच चपटे पसरले. त्यांच्या फटींतून पाणी सरकत सरकत देठापासून शेंड्यापर्यंत चढले. एकेक खवला ते पानात पोचवू लागला. रुपेरी झुडूप हिरवे झाले.

ऊन तापले. खवले सुकून उभे राहिले, पाण्याच्या वाटा मिटल्या. दिवसभर पान टवटवीत राहिले. सांजेला सुवेलेने एक पान चिमटले. टपोरा थेंब ओघळला.

"कपट!" जलदंभ ओरडला.

"कपट तुझे! हवेतले पाणी कोणाच्या बापाचे?"

तिन्ही अटी साधल्या होत्या. मंत्र तुटला. हौद फुटला, नद्या खळाळल्या. मांत्रिकाची विद्या गेली; त्याला सीमेपार हाकलले.

राजा बहिणीपुढे आला. "सुवेले, मला क्षमा कर."

"मी कोण क्षमा करणार? ज्यांची माणसे गेली, त्यांच्या दारी जा."

राजाने मुकुट उतरवला, खांद्यावर घागर घेतली आणि पहिल्या दाराशी उभा राहिला. दार बराच वेळ उघडले नाही. तो उभाच राहिला.