अकरा धडांचा वाद

"...पण अहवालात कारण काय लिहू, उस्ताद? 'हाताला तसं लागलं' असं लिहू?"

आकड्याला टांगलेल्या म्हशीच्या धडाच्या पाठीवरून उस्ताद खुदाबक्षांनी बोटं फिरवली आणि तक्त्यावर प्रत 'तीन' लिहिली.

कॅमेऱ्यानं 'एक' सांगितलं होतं.

म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या त्या कारखान्यात उस्ताद छत्तीस वर्षं प्रत ठरवत होते. डॉक्टर सुनयना गायधनी त्यांच्या हाताखाली शिकायला आली, ती कॅमेरा घेऊनच. तो धडाचा फोटो काढी, चरबी मोजी, प्रत सांगे. महिनाभर दोघांचे आकडे ताडून पाहायचे आणि मग एकालाच ठेवायचं, असं मालकांनी ठरवलं होतं.

आज शेवटचा दिवस.

"हे अकरावं," सुनयना वैतागून म्हणाली. "आजच्या एक्क्याण्णव धडांत अकरा चुका! आणि तुम्ही बोलतही नाही."

"चुका कुणाच्या?"

"तेच तर विचारतेय सकाळपासून!"

उस्तादांनी सुस्कारा टाकला. गळ्यातला रुमाल काढला, स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्याची काच पुसली.

रुमाल ओला झाला.

नुकत्याच सोललेल्या धडांची वाफ... शीतगृहातल्या गार काचेवर धरली होती. धुक्यातून सगळंच पांढरं, सगळीच चरबी.

अकराही धडं सुनयनानं पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणली. नऊ ठिकाणी उस्तादांचाच आकडा आला.

दोन ठिकाणी आला नाही.

"आता तर काच स्वच्छ आहे," ती म्हणाली. आवाजात थोडी धार परत आली होती.

उस्तादांनी हात काखेत धरून ऊब आणली. मग ती दोन्ही धडं दाबून पाहिली. बराच वेळ...

"कॅमेरा बरोबर आहे. माझी बोटं बधिर झाली होती."

आणि त्यांनी स्वतःचे दोन आकडे खोडले. मालकांपुढे जायच्या तक्त्यावर. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

सुनयनानं तक्ता हातात घेतला, सही केली, त्यांच्यापुढे धरला.

"चला, मिटलं. उरलेल्या ऐंशींचं तर दोघांचंही जुळलंय. गाडीत भरायला सांगते."

"थांब." उस्तादांनी सही केली नाही. "ती ऐंशी परत आण."

"जुळलेली?" तिचा आवाज चढला. "उस्ताद, वाद होता तो अकराचा! त्या ऐंशींत बघायचं काय राहिलंय?"

उस्ताद पुन्हा काखेत हात धरून उभे राहिले.

"तिथं तुझ्या काचेला आणि माझ्या बोटांना कुणी अडवलं नाही, बेटा."