तादालाने पैशांचं काय केलं

इथून फार दूर, आफ्रिकेतल्या एका भल्यामोठ्या तळ्याकाठी, मका पिकवणाऱ्या लोकांचं एक गाव होतं. त्या गावात तादाला नावाची एक बाई नवरा लिम्बानी आणि तीन लेकरांसह राहायची. जमीन थोडीच होती, पण स्वतःची होती आणि चांगली कसदार होती. नवरा-बायको दोघंही कामाला वाघ. तरीसुद्धा दर वर्षी सुगी यायच्या कितीतरी आधी त्यांच्या घरातला मका संपायचा.

आता तुम्ही विचाराल, असं कसं? तर ऐका. पेरणी होऊन मका गुडघ्याला लागला की शेतात तण माजतं. खुरपणी करायची ती तेव्हाच. उशीर झाला की तण सगळा कस ओढून घेतं आणि मका पिवळा पडतो. पण नेमकी तेव्हाच कणगी रिकामी झालेली असायची आणि मुलं भुकेने रडायची.

गावात एक मोठा जमीनदार होता. सगळे त्याला ब्वाना, म्हणजे मालक म्हणत. हा ब्वाना त्या दिवसांत रोज सकाळी मक्याची टोपली घेऊन आपल्या बांधावर उभा राहायचा. दिवसभर माझ्या शेतात खुरपा आणि संध्याकाळी टोपली घरी न्या, असा त्याचा व्यवहार. मुलांच्या पोटासाठी तादाला जायची, लिम्बानी जायचा, सगळं गावच जायचं. ब्वानाचं शेत लख्ख व्हायचं आणि यांची शेतं तणात बुडायची. मग पीक निम्मं यायचं, म्हणून पुढच्या वर्षी मका पुन्हा लवकर संपायचा, म्हणून पुन्हा ब्वानाचा बांध. तादालाच्या आईचा जन्म यातच गेला होता.

आणि हा ब्वाना पाहुण्यांना काय सांगायचा? "आळशी आहेत हो हे लोक. यांच्या शेतात बघा किती तण!" तण का, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी सांगताना त्याची जीभ अडखळत नसे.

त्या देशाचा राजा मनाचा चांगला होता. तो गावाला मदत पाठवायचा, पण काय पाठवायचं ते त्याचा कारभारी ठरवायचा. एका वर्षी लोखंडी नांगर आले. गावात बैल एकही नव्हता, त्यामुळे नांगरांवर कोंबड्या बसू लागल्या. दुसऱ्या वर्षी लोकरीची कांबळी आली, तीही ऐन उन्हाळ्यात. शेवटी राजाच वैतागला आणि म्हणाला, "पुरे झालं. आता प्रत्येक घराच्या हातात सरळ पैसे द्या. त्यांना काय हवं ते त्यांना ठरवू दे."

कारभाऱ्याने नाक मुरडलं, पण राजाज्ञा मोडणार कशी? त्याने गावात येऊन घरोघरी पैशांची थैली दिली आणि आपल्याच मनाने एक अट जोडून दिली. "हे अर्धे. बाकीचे अर्धे मी पुन्हा येईन तेव्हा. पण पैशाचं काहीतरी उभं राहिलेलं दिसलं पाहिजे. दारात शेळी दिसू दे, छपरावर पत्रा दिसू दे. पैसे उधळलेले आढळले, तर पुढचे कुणालाच मिळणार नाहीत."

थैली मधे ठेवून तादाला आणि लिम्बानी बसले.

"शेळी घेऊ," लिम्बानी म्हणाला. "कारभाऱ्याला दिसेल तरी."

"आणि तिच्यामागे जाणार कोण? तुम्ही-मी तर ब्वानाच्या शेतात असणार," तादाला म्हणाली. "मला शेळी नको. मला या वर्षी माझं शेत खुरपायचंय. सुगीपर्यंत पुरेल एवढा मका बाजारातून आणू या."

"पैसे खाऊन टाकायचे? कारभारी काय म्हणेल?"

"उपाशी तो राहणार आहे का?"

ते लिम्बानीला पटलं. दुसऱ्याच दिवशी दोघांनी बाजारातून मक्याची पोती आणून कणगीत रिकामी केली.

मग खुरपणीचे दिवस आले. ब्वाना नेहमीप्रमाणे टोपली घेऊन बांधावर उभा होता. समोरून तादाला आली. तिच्या खांद्यावर लांब दांड्याची कुदळ होती. मुलं घरी मक्याची गरमगरम उकड खात होती आणि तिनेही आज पोटभर खाल्लं होतं. ती ब्वानासमोरून पुढे निघाली.

"अगं, इकडे! कुठे चाललीस?" ब्वाना ओरडला.

"कामाला."

"काम तर इथे आहे."

"हे तुमचं काम, ब्वाना. मी माझ्या कामाला चालले आहे."

ब्वानाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जन्मात त्याला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. तादालाने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या मागोमाग शेजारची बाई आपल्या शेताकडे वळली, मग आणखी दोन घरं वळली. थोड्याच दिवसांत ब्वानाच्या बांधावर टोपली घेऊन एकटा ब्वानाच उरला. त्याच्या शेतात तण कमरेइतकं वाढलं.

ब्वानाने तडक कारभाऱ्याचं घर गाठलं. "पैशांनी गाव बिघडवलं तुम्ही! कुणी कामाला येत नाही. सगळे खाऊन-पिऊन लोळताहेत." कारभाऱ्याला हेच ऐकायचं होतं. तो लगेच गावाकडे निघाला.

तो येतोय हे कळताच गावात एकच धांदल उडाली. चिसोमो नावाचा शेजारी एक शेळी ओढत तादालाच्या शेतावर आला. "माझ्या मेव्हण्याची आहे. आधी माझ्या दारात बांधतो. कारभारी पाहून गेला की मागच्या वाटेने तुझ्याकडे आणतो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," तादाला म्हणाली. "ठेव तुझी शेळी तुझ्याकडेच."

"अगं, पण तुझ्यापायी सगळ्यांचे पैसे जातील!"

हे मात्र तिला लागलं. तिच्या एकटीचे गेले असते तर तिला पर्वा नव्हती, पण चिसोमोच्या घरातही लेकरं होती. तरी ती मान खाली घालून पुन्हा खुरपायला लागली.

कारभाऱ्याने चिसोमोच्या दारातली शेळी पाहिली आणि खूश होऊन मान डोलावली. मग तो तादालाच्या शेतावर आला. ब्वाना सोबत होताच आणि मागे सगळं गाव.

"बाई, तुमच्या दारात शेळी नाही. छपरावर पत्रा नाही. पैशांचं काय केलंत?"

"मका आणला."

"मग?"

"खाल्ला. लेकरांना खाऊ घातला."

ब्वाना मोठ्याने हसला. कारभाऱ्याने कपाळाला हात लावला. "सगळे पैसे पोटात घातलेत? मग शिल्लक काय राहिलं?"

तादाला सरळ उभी राहिली. तिचे हात मातीने भरले होते.

"मी राहिले," ती म्हणाली. "दर वर्षी या दिवसांत मी एका टोपलीला विकली जात होते. माझी आईही तशीच विकली गेली. या वर्षी तुमच्या पैशांनी मी मलाच सोडवून आणलं. बघा, ही मी, माझ्या शेतात उभी आहे."

ब्वानाचं हसू मावळलं. कारभारी मात्र आपला हेका सोडेना. "ते काही नाही. चूक झाली असं सगळ्यांसमोर म्हणा. नाहीतर गावात कुणालाच पुढचे पैसे नाहीत."

"चूक झाली नाही, तर म्हणू कशी? आणि खोटं बोलूनच पोट भरायचं असतं, तर दारात शेळी बांधली नसती का मी?"

 मग गर्दीतून चिसोमो पुढे आला. त्याची मान खाली होती.

"साहेब, ती शेळी माझ्या मेव्हण्याची आहे. मीही मकाच आणला. आम्हीही तो खाल्ला आणि स्वतःचं शेत खुरपलं. लाज वाटत होती म्हणून लपवलं. आता लाज वाटते ती लपवल्याची."

"आम्हीही मकाच आणला," मागून एक म्हातारी म्हणाली. मग एकेक करत सगळेच म्हणाले.

कारभारी संतापून निघून गेला आणि उरलेल्या थैल्याही परत घेऊन गेला. पुढे काही दिवस तादालाला टोमणे ऐकावे लागले. "मिळाला ना मोठेपणा? आता तोच शिजवा," असं एका बाईने तोंडावर सुनावलं. तादालाने ते गिळलं. रात्री तिला झोप लागत नसे. सकाळी मात्र ती कुदळ घेऊन शेतात हजर असे.

राजाने कारभाऱ्याची तक्रार ऐकून घेतली. मग तो एवढंच म्हणाला, "कापणी होऊ दे. तेव्हा पुन्हा जाऊन ये."

कापणीनंतर कारभारी आला. दर वेळी तो आला की लोक हात पसरून धावत यायचे. आज कुणीच आलं नाही. घराघरांत कणसं सोलायची लगबग चालली होती आणि कणग्यांवर झाकण बसत नव्हतं. ब्वाना तेवढा दारोदार फिरत होता. आता तो दिवसाला दोन टोपल्या देऊ करत होता, आणि लोक त्याला म्हणत होते, "आधी आमचं आवरू दे, मग बघू."

कारभाऱ्याने घरोघरी उरलेल्या थैल्या दिल्या आणि शेवटी तो तादालाच्या अंगणात आला. मग त्याने थैली पुढे केली.

"अमाई," तो म्हणाला. त्या मुलखात आईला अशी मानाने हाक मारतात. "हे उरलेले पैसे. राजाचे नव्हेत, तुमचेच आहेत. मीच अडवून ठेवले होते."

तादालाने थैली घेतली. ती वाकली नाही आणि तिने आभारही मानले नाहीत.

जाता जाता कारभाऱ्याला राहवलं नाही. "यातून आता काय घ्यायचा विचार आहे?"

"ते आम्ही दोघं ठरवू," तादाला म्हणाली. "आधी पोटभर जेवू, मग ठरवू."

तात्पर्य एवढंच: गरिबाला पैसे द्यायचे तर त्याच्या अकलेवर भरवसा ठेवून द्या. पोट भरलं की माणूस आधी स्वतःच्या शेतात उभा राहतो, आणि तिथून त्याला कुणाचा बापही हलवू शकत नाही.