हेदोळ्याची न वाजणारी घंटा

हेदोळ्याच्या सातेरी देवीच्या देवळात शिरताना माणसे दोन्ही हात पाठीमागे धरतात, पकडून नेलेल्या कैद्यांसारखे. सभामंडपात मोठी पितळी घंटा टांगलेली आहे. तिला तडा नाही, तिची जीभ, म्हणजे आतला लोलक, जागेवर आहे, आणि तरी तिला कोणी हात लावत नाही. नवखा पाहुणा सवयीने हात वर नेतो, तेव्हा पायरीवर बसलेले गावकरी केशव गावस त्याचे मनगट धरतात. "रागावू नका," म्हणतात, "देवीला तुम्ही आलेले कळले आहे. आधी ऐकून घ्या."

गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते तेव्हाची ही गोष्ट असे सांगतात. त्यांच्या शिपायांना लोक पाकले म्हणत. पीक तयार झाले की पाकले गावाखालच्या घळीतून वर येत, धान्याच्या कणग्या रिकाम्या करत आणि कोणी आडवे आले तर घर पेटवून देत. अशा दिवसांत पुनाजी गुरवाला रानात तापाने फणफणलेला एक गोरा माणूस सापडला. पाकलाच समजून लोक त्याला संपवायला निघाले होते. पुनाजीने त्याला घरी आणले, आणि त्याच्या बायकोने पेज पाजून त्याला उभे केले.

त्याचे नाव एस्तेबान. तो स्पेनचा, म्हणजे पाकल्यांच्या शेजारच्याच मुलखातला. इथली बोली जमू लागल्यावर त्याने सांगितले, की त्याच्या गावावरही परक्यांची फौज चालून आली होती, आणि धनगर, चांभार, पाद्री अशा साध्या माणसांनी डोंगरात लपून तिला जेरीस आणले होते. तो त्यांच्यातलाच एक. पुढे पोटासाठी जहाजावर चढला आणि इथे उतरून पळाला. पेजेचे उपकार फेडायला त्याच्याजवळ काही नव्हते, तेव्हा जे येत होते तेच त्याने गावाला शिकवले. बंदुकीसमोर छाती काढून उभे राहायचे नाही. लपायचे, एकदाच मारायचे आणि नाहीसे व्हायचे.

घळीच्या कड्यावर धोंडे रचले गेले. पण जिथे पोरे दबून बसणार तिथून खालचे काही दिसत नसे. घळ दिसे ती फक्त देवळाच्या अंगणातून. गुरव देवळात दिसला तर कोणाला संशय येणार नाही, म्हणून पाहायचे काम पुनाजीकडे आले. शेवटचा पाकला अरुंद जागेत शिरला की घंटेचा एक टोला, आणि धोंडे खाली. त्याआधी घंटा वाजता कामा नये. तोवर जीभ फडक्याने बांधून ठेवावी, असे एस्तेबानने सुचवले. पुनाजीला ते लागले. "माजो हात माज्या ताब्यात आसा," तो म्हणाला. एस्तेबानने पुन्हा विषय काढला नाही.

पाकले येणार अशी खबर होती त्या पहाटे पुनाजी अंगणात डोळे लावून बसला. त्याचा एकुलता मुलगा रवळू कड्यावर होता. उजाडले, ऊन वर आले, आणि पाकले घळीच्या तोंडाशी दिसू लागले. ते सगळे आत यायला अजून वेळ होता. तेवढ्यात पुनाजीला दिसले की गाभाऱ्यातली समई विझली आहे. अशा दिवशी देवीपुढे अंधार! तो लगबगीने उठला, वात पेटवायला देवळात शिरला, आणि शिरताना जन्मभर जे केले तेच त्याच्या हाताने केले.

तो नाद साऱ्या डोंगराने ऐकला.

कड्यावरची पोरे चपापली. खालून पावलांचा आवाज येत नव्हता. कोणीतरी म्हणाले, थांबूया. पण एस्तेबान म्हणाला, "गुरवान बघलां आसतलां." धोंडे सुटले आणि रिकाम्या घळीत जाऊन पडले. पाकल्यांना जागा कळली. ते दोन्ही बाजूंनी वर चढले. एस्तेबानने पोरांना रानात पिटाळले आणि जहाजावरून आणलेली बंदूक घेऊन वाट अडवून एकटाच बसला. त्याची बंदूक दुपारपर्यंत ऐकू येत होती. मग ऐकू येईनाशी झाली. गावातले चौघे रानापर्यंत पोचलेच नाहीत. पाकल्यांनी जाताना घरे पेटवली.

पुनाजी घंटेखालीच बसून होता. तिन्हीसांजेला रवळू एस्तेबानचे प्रेत पाठीवर घेऊन आला. मेलेल्या चौघांच्या घरची माणसेही अंगणात जमली. रवळूने विचारले, "बाबा, पाकले भितर इल्ले मां? आमकांच उशीर झालो मां?"

हो म्हटले असते तर कोणाला कळणार नव्हते. घळीत काय होते ते फक्त पुनाजीने पाहिले होते.

"नाय," पुनाजी म्हणाला. "दिवो लावक भितर गेलंय. सवयीन वाजली."

कोणी त्याला शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. ते त्याला मारापेक्षा जड गेले. देवळाजवळ खड्डा खणून त्यांनी एस्तेबानला पुरले, आणि त्याच्या गळ्यात पाहिली होती तशी क्रुसाची खूण एका धोंड्यावर कोरली. दुसऱ्या सकाळी पूजेला जाताना पुनाजीने दोन्ही हात पाठीमागे धरले. त्याच्या मागून रवळू आला, त्यानेही धरले. मग मेलेल्या चौघांपैकी एकाची आई आली. पुनाजीकडे न पाहता तिनेही हात मागे नेले. घंटा उतरवू या, असे काहींनी सुचवले, पण पुनाजीने ऐकले नाही. ती तिथेच राहू दे, म्हणाला, जिभेसकट.

गोवा मुक्त झाला तेव्हा सारे गाव गुलाल घेऊन देवळात लोटले. आता तरी वाजव, म्हणून त्या वेळच्या गुरवाला, पुनाजीच्या वंशजाला, लोकांनी घंटेखाली उभे केले. तो बाहेर गेला, एस्तेबानच्या धोंड्याजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

"पाकले भितर इल्यार वाजय म्हणान तेणां सांगलेल्यान," तो म्हणाला. "गेल्यार वाजय म्हणान सांगूक तो उरलो नाय."

आजही हेदोळ्यात पहिला दिवा त्या धोंड्यापुढे लागतो आणि मग देवीपुढे. गुरव रोज घंटा पुसतो, जत्रेआधी चिंच लावून लख्ख करतो. पुसताना जीभ डाव्या हातात घट्ट धरून ठेवतो.