सशांचे कुंपण आणि कोल्ह्याचे बोलावणे

एका जंगलाच्या कडेला, मुरमाड टेकडीवर सशांची एक वस्ती होती. वस्तीभोवती बोरीच्या फांद्यांचे दाट काटेरी कुंपण होते, म्हणून ससे निर्धास्त असत. एका उन्हाळ्यात वणवा आला. ससे बिळांत शिरून वाचले, पण कुंपण जळून राख झाले. त्या दिवसापासून कोणाला धड खाणे नाही की धड झोप नाही. जरा पान हलले की सारे बिळांकडे पळत. चार दिवसांत कोल्ह्याने दोन पिल्ले उचलून नेली.

त्यातले एक पिल्लू वस्तीतल्या एका तरण्या सशाच्या बहिणीचे होते. तेव्हापासून त्याचा पाय एका जागी ठरेना. "कुंपण पुन्हा घालायचे!" असे म्हणून तो तडक फांद्या ओढायला धावला. शेजारच्या कपारीत राहणारे म्हातारे साळिंदर त्याला म्हणाले, "अरे, आधी फिरून बघ तरी. जळले किती, उरले किती?" सशाला थांबणे जिवावर आले, तरी तो सगळी टेकडी फिरून आला. मग त्याने सर्वांना बोलावले. "ज्याने त्याने आपल्या बिळासमोरचे कुंपण घालावे. अर्ध्यांनी काम करावे, अर्ध्यांनी पहारा ठेवावा." आपल्याच पिल्लांसाठी काम म्हटल्यावर कोणी अंग चोरले नाही. तीन दिवसांत कुंपण सशाच्या कानांपर्यंत चढले.

हे पाहून कोल्हा टेकडीखाली आला. "ससेभाऊ, एवढे कष्ट कशाला?" तो गोड आवाजात म्हणाला. "खाली ओढ्यावर या. बोलून मिटवून टाकू."

"काम आहे. जमणार नाही," ससा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेच बोलावणे आले आणि तेच उत्तर गेले. तिसऱ्या दिवशी कोल्हा म्हणाला, "सगळे जंगल म्हणते, ससा घाबरला, म्हणून येत नाही." हे सशाला झोंबले. त्यात बाकीचे ससेही म्हणू लागले, "जाऊन ये की! बोलून मिटले तर हे काटे कोण ओढत बसतो?" शेवटी ससा गेला.

ओढ्यावर कोल्ह्याने पलीकडच्या काठावरूनच इकडच्या तिकडच्या गोष्टी काढून त्याला बसवून ठेवले. टेकडीवर काम थांबले. आता मिटणारच, म्हणून कोणी फांदीला हात लावीना. पहारेकरीसुद्धा ओढ्याकडे पाहत उभे राहिले. तेवढ्यात कुंपणात मागच्या बाजूला राहिलेल्या खिंडारातून त्या कोल्ह्याची कोल्हीण आत शिरली. किंकाळी ऐकून ससा धापा टाकत वर आला. सगळ्या सशांनी पाय आपटून गलका केला, तेव्हा कोल्हीण पळाली. पण एका लंगड्या सशिणीची पाठ फाटली होती. पिल्लांच्या बिळाचे तोंड तिने स्वतःच्या अंगाने अडवून धरले होते.

ते खिंडार तिच्याच बिळासमोर होते. तिला एकटीला फांद्या ओढवत नव्हत्या आणि तिने कोणाला सांगितलेही नव्हते.

"चूक माझी," ससा मान खाली घालून म्हणाला. "वाटणी करताना मी बिळे पाहिली, कोणाच्या अंगात किती बळ आहे ते पाहिले नाही. शिवाय हातचे काम टाकून निघून गेलो."

इतक्यात खालून हाक आली, "ससेभाऊ, बोलणे अर्धेच राहिले!"

खाली जाऊन कोल्ह्याला चार शब्द सुनावावेत असे सशाला फार वाटले. पण तो जागचा हलला नाही. "माझ्या हाती मोठे काम आहे. ते सोडून मी खाली येणार नाही," एवढेच तो बोलला आणि त्याने फांदी ओढायला घेतली. मग एकेक करून सारे ससे त्या खिंडाराशी आले. कोणी कोणाला बोलावले नव्हते. दिवस मावळायच्या आत खिंडार बुजले. कोल्हा कुंपणाला तीन फेऱ्या घालून निघून गेला.

"आता जरा टेक," लंगडी सशीण सशाला म्हणाली. ससा टेकला, आणि लगेच उठून पुन्हा एकदा कुंपण पाहून आला.

मुलांनो, पवित्र शास्त्रात एका पडलेल्या नगराचा कोट उभारणाऱ्या माणसाची हकिकत आहे. त्यालाही शत्रूंनी काम सोडून भेटीला यावे म्हणून पुन्हा पुन्हा निरोप धाडले. तो एकदाही गेला नाही, आणि कोट पुरा झाला.

तात्पर्य : मोठे काम आधी नीट पाहावे, ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे वाटून द्यावे, आणि ते पुरे होईपर्यंत कोणाच्या गोड बोलण्याने किंवा टोमण्याने सोडून जाऊ नये.