निकमांची मिशी आणि बारावी चकती

"मग धूळ येते तरी कुठून, मास्तर?"

डॉ. रणधीर निकमांनी हे विचारलं तेव्हा त्यांची अकरावी चकती नुकतीच वाया गेली होती. आवाज असा, जणू धूळ मास्तरांनीच घरून डब्यात भरून आणली होती.

वाळिंबे मास्तरांनी चष्मा पुसला. 

मास्तर आमच्या प्रयोगशाळेतल्या क्लीनरूमचे राखणदार, म्हणजे झगा-मास्क घातल्याशिवाय जिथं शिरायचं नाही, अशा धूळबंद खोलीचे. शिक्षण जुनी मॅट्रिक. पण मोठमोठे पदवीवाले त्यांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. कारण आतलं कामच तसं. केसाच्या जाडीचे शंभर भाग करा आणि त्यातल्या एका भागात बांधकाम काढा! तिथं धुळीचा एक कण शिरला म्हणजे स्वयंपाकघरात म्हैस शिरली.

निकमसाहेब सहा वर्षं परदेशात राहून एक नवा पदार्थ घेऊन आले होते. दाबला की वीज देणारा. त्याचा पातळ पापुद्रा सिलिकॉनच्या चकतीवर चढवायचा, त्यावर उजेडानं नक्षी छापायची, नको तो भाग आम्लात झिजवायचा. एका चकतीतून तिळाएवढे चारशे दाबमापक निघायला हवेत. तान्ह्या बाळाच्या डोक्यात पाणी साठतं ना, तेव्हा आतला दाब मोजायला.

काम मोलाचं होतं, यात वाद नाही. पण चारशेपैकी चारसुद्धा धड निघेनात.

चकत्या आल्या होत्या बारा. उरली एक. नवीन यायला वर्ष लागणार, आणि वरचे साहेब महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते. चालणारा दाबमापक दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा. निकमांची सहा वर्षं त्या एका चकतीवर येऊन टेकली होती. आणि चकतीचा डबा मास्तरांच्या ताब्यात.

"आम्ल बदललं," निकम बोटं मोडत म्हणाले. "भट्टी बदलली. पापुद्रा चढवायची पद्धत तीनदा बदलली. आता म्हणतो, पदार्थच बदलावा."

"बदल की."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तू काम करताना आत कुणाला उभं राहू देत नाहीस. मी बघणार कधी?"

"माणसं आली की धूळ येते, मास्तर."

"हं... आणि तू?"

"मी काय?"

मास्तरांनी चष्मा नाकावर चढवला.

निकमांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं सफाईवाल्या सुगंधाबाई झगा-मास्क घालून फरशी पुसत होत्या. अठरा वर्षं त्या हीच फरशी पुसत होत्या.

"या बाई रोज आत येतात," निकम म्हणाले. "साधा विचार करा!"

सुगंधाबाईंचा हात थांबला. मला तर असा राग आला, की काही विचारू नका. पण मास्तर हसले. कपाटातून त्यांनी दोन साध्या चकत्या काढल्या, सरावाच्या, आरशासारख्या लख्ख. एक बाईंच्या हातात दिली, एक निकमांच्या.

"छातीशी आडवी धरा. आणि आपापलं काम काय, ते मला समजावून सांगा. आधी बाई."

"पुसते," सुगंधाबाई म्हणाल्या.

"अजून?"

बाईंनी विचार केला. "...पुसतेच."

"छान. अशाच उभ्या राहा. आता रणधीर, तू सांग."

निकमांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला त्यांनी मास्क खाली ओढला. सवयच ती. मास्कनं मिशीचा पीळ मोडतो ना! आणि मिशी काय साधी होती? वडूजच्या निकमांची मिशी. आजोबांनी राखली, वडिलांनी म्हणजे आबांनी राखली, आणि हा नातू ती परदेशी मेण लावून राखत होता. आत एकटा असला की हा गडी मास्क मिशीखाली घालतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

निकम पस्तीस मिनिटं बोलले. पदार्थाबद्दल दहा, स्वतःबद्दल पंचवीस. बाई मुकाट उभ्या होत्या. त्यांनी एकदा पाय बदलला, तेवढंच.

मग दोन्ही चकत्या कण मोजायच्या यंत्राखाली गेल्या.

बाईंच्या चकतीवर तीन कण.

निकमांची चकती सरकवली, तर यंत्राचा आकडा चढता चढता थांबेचना. मास्तरांनी पडदा निकमांकडे वळवला. पडद्यावर काळ्याभोर दिसणाऱ्या चकतीवर ठिपक्यांचा नुसता सडा पडला होता.

"हे... हे काय आहे?"

"हे मेण," मास्तर म्हणाले. "हा कोंडा. ही थुंकी. आणि हा मधला मोठा तुकडा, हा तुला परदेशात मान मिळाला, ते सांगतानाचा."

सुगंधाबाई मास्कच्या आत फिसकन हसल्या.

निकमांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे अकराच्या अकरा..."

"अकराच्या अकरा."

"...मी काय करू, मास्तर?"

"मिशी झाक."

एवढंच. झगा बदल नाही, यंत्र बदल नाही. मिशी झाक. पण निकम ताडकन उभे राहिले.

"झाकू? आमच्या घराण्यात मिशी झाकत नाहीत, मास्तर! मिशी म्हणजे काय, ते तुम्हाला काय कळणार!"

आता खरं सांगायचं तर मास्तरांच्या स्वतःच्या मिश्या चांगल्या झुपकेदार होत्या. पण त्या कँटीनमध्ये चहा पितानाच दिसायच्या. आत त्या कुणी पाहिल्याच नव्हत्या.

"झाकली की चकती देतो," मास्तर म्हणाले आणि डबा कपाटात ठेवून दिला.

दोन दिवस निकम कामावर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते सफाचट! ओठाच्या वरची जागा सोललेल्या बटाट्यासारखी. आमच्याकडे बाप हयात असताना मिशी काढत नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण इरेला पेटले, की मग आमचे निकम कसले ऐकतात!

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं टोपी काढली. "साहेब... कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"वडील..."

"आबा ठणठणीत आहेत!" निकम ओरडले.

जिन्यात सुगंधाबाई भेटल्या. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "गेलं व्हय आबा? परवापत्तुर तर फोनवर बोलत हुता की वो तुमी."

"अहो बाई, आबा शेतावर आहेत! मी ही कामासाठी काढली, कामासाठी!"

हिशोबाच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. कँटीनवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. प्रत्येकाला थांबवून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आणि सांगता सांगता निकमांना गोडी लागत गेली. फाटकावर ते नुसतं 'काढली' म्हणाले होते. कँटीनपर्यंत येईतो त्याचा त्याग झाला होता. क्लीनरूमच्या दाराशी आले तेव्हा विज्ञानासाठी एवढं आजवर कुणीच केलं नव्हतं.

पांढरा झगा चढवून ते आत आले. टोपी होती, मोजे होते, हातमोजे होते. मास्क मात्र हनुवटीखाली. नाहीतर लोकांना दिसणार कसं?

मास्तर आतच होते. डोळ्यांपर्यंत झाकलेले. समोर उघडा डबा आणि डब्यात बारावी चकती.

निकम मधोमध उभे राहिले.

"मास्तर, नीट बघा. तुम्ही झाक म्हणालात, मी समूळ काढली! आबांना फोन करून सांगितलं. आबा म्हणाले, आता दिवाळीला येऊ नको. एवढं सोसलं मी! तुमच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत या खोलीसाठी एवढं कुणी सोडलंय?"

मास्तरांनी मान हलवली. "नाही."

"मग द्या चकती."

मास्तरांनी चकतीकडे पाहिलं. मग निकमांच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. हात डब्याच्या झाकणावर ठेवला.

"मास्क वर घे."

"आता कशाला?" निकम हसले. त्या गुळगुळीत जागेवरून त्यांनी मोठ्या कौतुकानं बोट फिरवलं. "झाकायला उरलंय काय आता? एक केस दाखवा, मास्तर. आता काहीच नाही!"

मास्तरांनी त्या कौतुकानं फिरणाऱ्या बोटाकडे पाहिलं.

मास्तरांनी झाकण लावलं.

"तेच झाक."