ज्या दिवशी ओढा साफ झाला नाही

ओढ्याकाठच्या एका गावात एक वृद्ध आचार्य पाठशाळा चालवीत. गावातला कांद्याचा मोठा व्यापारी पाठशाळेला वर्षभराचे धान्य देई, आणि सडलेला कांदा मात्र पाणवठ्याच्या वरच्या अंगाला ओढ्यात लोटून देई. तेच पाणी सारे गाव पिई. आचार्यांच्या थोरल्या शिष्याला हे बघवेना. तो रोज पहाटे सोबत्यांना घेऊन ओढ्यात उतरे, कुजका कांदा पाट्यांनी बाहेर काढी आणि दूर नेऊन पुरी. बायका घागरी घेऊन येत तेव्हा पाणी नितळ दिसे. तरी पोराबाळांची पोटे बिघडतच. पण गाव शिष्याचे तोंडभरून कौतुक करी आणि खरे सांगायचे तर, ते त्याला आवडेही.

एका सकाळी आचार्यांनी त्याला दारातच अडवले.

"आज ओढ्याला हात लावायचा नाही."

"पण गुरुजी, बायका पाण्याला येतील!"

"येऊ देत."

दिवस वर आला आणि कुजक्या कांद्याच्या दुर्गंधीने पाणवठ्यावर उभे राहवेना. बायका रिकाम्या घागरी घेऊन थेट पाठशाळेच्या दारात आल्या. "काय रे, आज झोपा काढल्या का? ओढा कोण साफ करणार?" एक म्हातारी कडाडली. व्यापाऱ्याचे नाव एकीच्याही तोंडी नव्हते. शिष्याला संताप आला आणि रडूही आले.

"ऐकलेस?" आचार्य म्हणाले. "कांदा टाकला त्याने आणि बोलणी खाल्लीस तू. तुझे मन चांगले आहे, बाळा. पण तू अन्याय कुणाला दिसूच दिला नाहीस. ज्या सेवेने अन्याय करणाऱ्याचीच सोय होते, ती सेवा कसली? ती त्याची चाकरी. आज गावसभा आहे. पाट्या भर आणि चावडीवर चल. या बायाबापड्यांनाही सोबत घे."

"आणि त्याने धान्य बंद केले तर?"

"तर मी उपाशीपोटी शिकवीन."

चावडीसमोर कुजक्या कांद्याचा ढीग पडला. पंच नाकाला उपरणे लावून मागे सरकले.

"सरकू नका," शिष्य म्हणाला. "हेच पाणी आपण सगळे पितो. हा कांदा ओढ्यात टाकायची मुभा कुणी दिली, तेवढे सांगा."

व्यापारी ताडकन उठला. "माझ्या अन्नावर वाढलास आणि मलाच जाब विचारतोस?"

शिष्याचा आवाज खणखणीत निघाला. "शेठजी, त्या अन्नाला जागूनच आजवर तुमचा कांदा मुकाट्याने उचलला. उद्यापासून नाही उचलणार."

मग त्या म्हातारीने आपली घागर पंचांपुढे आदळली. "पोरगं खरं बोलतंय. उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही हलायच्या नाही!"

बायका तिथेच बसल्या. पंचांना उठता येईना. दिवस कलला तेव्हा निवाडा झाला, की पुन्हा ओढ्यात कांदा टाकायचा नाही आणि टाकलेला व्यापाऱ्यानेच काढायचा; आणि व्यापाऱ्याची माणसे पाट्या घेऊन ओढ्यात उतरली. पाठशाळेचे धान्य त्याच दिवशी बंद झाले. आचार्यांनी नेहमीच्या वेळी पोथी उघडली, आणि शिष्य त्यांच्यासमोर ताठ बसला.

आपल्या मुलांच्या हाती झाडू जरूर द्यावा. पण कचरा कुणी टाकला, हे चारचौघांत विचारण्याची धमकही द्यावी.